होलिस्टिक न्यूट्रिशन शिकायचंय? मग आधी हॉस्पिटलच्या किचनमध्ये उभं राहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी तुमच्या करिअर पुरवणीत होलिस्टिक न्यूट्रिशनवर, म्हणजे नुसतं जेवण न बघता पूर्ण माणूस बघून आहार सांगण्यावर, अर्धं पान आलं होतं, सर्टिफिकेट कोर्स करा आणि पहिल्या महिन्यापासून पन्नास हजार कमवा असं, ते वाचून सोमवारी सकाळी नऊच्या आत मला तीन फोन आले. मी सोलापुरात डायटिशियन आहे, २००९ पासून हेच काम करते, त्यामुळे ओळखीच्या लोकांना आहार म्हटलं की मीच आठवते. तिसरा फोन आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंचा, त्यांची मुलगी बारावी सायन्सला आहे. म्हणाल्या, ताई, पोरगी म्हणते सहा महिन्याचा ऑनलाइन कोर्स करते आणि घरबसल्या होलिस्टिक कोच होते, पेपरात पण आलंय, भरू का पैसे? मी म्हटलं थांबा, संध्याकाळी घरी येते, निवांत बोलू. तिथं दोन तास बसून जे बोलले तेच जरा नीट करून तुम्हाला लिहितेय, कारण असा प्रश्न पडलेल्या अजून कितीतरी आया असतील आणि सगळ्यांच्या बिल्डिंगमध्ये डायटिशियन नसते.

पहिलं म्हणजे होलिस्टिक या शब्दाला माझा अजिबात विरोध नाही, उलट मला तो शब्द फार जवळचा वाटतो. माणसाचं जेवण त्याच्या झोपेपासून, कामापासून, पगारापासून, पाळीपासून, उपवासापासून, घरात शेवटी कोण जेवतं यापासून वेगळं काढताच येत नाही, हे मी रोज ओपीडीत बघते. माझं म्हणणं एवढंच आहे की हा असा पूर्ण माणूस बघायला शास्त्र जास्त लागतं, आणि ते सहा महिन्यात व्हिडिओ बघून येत नाही.

उदाहरण सांगते. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायका खूप, सगळ्यांना माहितीय. एक मावशी आल्या होत्या, हिमोग्लोबिन ७.८. गोळ्या चालू होत्या पण फरक पडत नव्हता. आम्ही आमच्या भाषेत २४ तासाचा रिकॉल घेतो, म्हणजे काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सगळं विचारायचं. मावशींचं निघालं असं, दिवसात सहा कप चहा, त्यातला एक भाकरीबरोबरच, आणि लोहाची गोळी पण चहाच्याच घोटाबरोबर घ्यायच्या कारण पाण्यानं मळमळतं. भाकरी आणि शेंगा चटणी दोन्ही वेळेला, भाजी उरली तर, कारण आधी मुलं आणि मालक जेवणार. आता चहानं लोह शोषलं जात नाही हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं, पण मावशी चहा का पितात तर विड्यांचा हजाराचा आकडा पुरा करायचा असतो, एका जागी आठ-नऊ तास बसायचं असतं आणि चहानं भूक मरते, हे पुस्तकात नसतं. चहा बंद करा म्हटलं असतं तर त्या परत आल्याच नसत्या. मग ठरवलं की जेवणाच्या आधी आणि नंतर एक-एक तास चहा नाही, बाकी कधी पण प्या. गोळी रात्री झोपताना लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर. भाकरीबरोबर अर्धं लिंबू किंवा परवडेल तेव्हा पेरू, आठवड्यात तीनदा मोड आलेली मटकी, आणि सरकारी दवाखान्यातून जंताची गोळी. त्यांच्या मुलीला पण बोलावून घेतलं आणि तिच्यासमोरच सांगितलं की आईचं ताट पहिल्याच पंक्तीत वाढायचं. तीन महिन्यात हिमोग्लोबिन १०.४ झालं. यात महागडी पावडर नाही, सुपरफूड नाही. होलिस्टिक मी याला म्हणते.

आता दुसरी बाजू, आणि ही लिहिताना मला अजूनही त्रास होतो. दोन वर्षापूर्वी रात्री साडेअकराला आमच्या हॉस्पिटलमध्ये एक पन्नाशीचे गृहस्थ आणले, हातापायातली ताकद गेलेली, ठोके अनियमित. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.९, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं जास्त. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, आधीपासूनच वाढलेलं होतं, किडनीचा त्रास त्यांना माहीत होता, फक्त डायलिसिसवर नव्हते. ऑनलाइन एका होलिस्टिक कोचनं त्यांना शरीरशुद्धीचा प्लॅन दिला होता, सकाळी पालक-कोथिंबिरीचा हिरवा ज्यूस, दिवसात तीन शहाळी, दुपारी मोसंबी, संध्याकाळी टोमॅटो सूप. बारा दिवस अगदी मन लावून केलं त्यांनी. तुमच्या-माझ्यासारख्याला यातल्या एका पण गोष्टीनं काही होणार नाही, पण किडनी बिघडलेल्या माणसाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पडू शकतं. रात्रीच डायलिसिस केलं म्हणून वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिसेसनी मला मोबाइलवर त्या कोचशी झालेलं सगळं चॅट दाखवलं. ती मुलगी वाईट नव्हती हो, अगदी आपुलकीनं बोलत होती, रोज गुड मॉर्निंग, पाणी प्यायलात का, झोप झाली का, सगळं विचारत होती. फक्त किडनीचा रिपोर्ट तिनं मागितलाच नव्हता, कारण तो मागायचा असतो हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

म्हणून मी काकूंच्या मुलीला म्हटलं, तुला लोकांशी बोलायला आवडतं, स्वयंपाकात रस आहे, आजीचे लाडू कशाचे असतात ते तुला माहितीय, हे सगळं फार चांगलं आहे, पण वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी, घेणाऱ्या पेशंटनं पालेभाजी एकदम वाढवली किंवा एकदम बंद केली तर काय होतं हे माहीत नसेल तर तुझ्या चांगल्या मनाचा उपयोग नाही. इन्शुलिन घेणारी बाई नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणार असेल, रमजानचे रोजे ठेवणार असेल, तर डोस डॉक्टरांकडून बदलून घ्यायचा असतो, हे तिला तू आधी विचारलं पाहिजेस, ती स्वतःहून सांगणार नाही.

आमच्या जिल्ह्यात तर वारी पण आली. दरवर्षी आषाढीच्या आधी माझ्याकडे शुगरचे वारकरी येतात, काही जण तर आळंदीपासून चालणारे. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालणं, जेवणाची वेळ दिंडीच्या हातात, शुगरच्या गोळ्या मात्र घरच्याच डोसनं चालू, मग दुपारच्या टप्प्यात शुगर खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो, बरोबरचे म्हणतात ऊन लागलं. त्यांना मी जाऊ नका असं कधीच म्हणत नाही, ते जाणारच आणि जावंच. डॉक्टरांना भेटून वारीपुरता डोस ठरवून घ्यायचा, खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी, पिशवीत फुटाणे-शेंगदाणे, अनवाणी चालायचं नाही, रात्री पाय बघायचे, आणि एकादशीला नुसता साबुदाणा नको कारण तो जवळजवळ सगळा स्टार्चच असतो, त्यापेक्षा वरी-भगर थोडी आणि दाण्याची आमटी, ताक, हे असं सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. हे मला कुठल्याच कोर्सनं शिकवलं नाही, पण शुगर का खाली जाते हे कोर्सनं शिकवलं होतं म्हणूनच पुढचं सुचलं.

आता शिक्षणाचं, कारण खरा प्रश्न तोच होता. तुमच्या लेखात डिग्रीचा उल्लेख एका ओळीत होता आणि बाकी सगळं सर्टिफिकेट कोर्सबद्दल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सरळ रस्ता म्हणजे बारावी सायन्स, मग न्यूट्रिशन-डायटेटिक्स किंवा होम सायन्समधली बीएस्सी, त्यानंतर एमएस्सी किंवा डायटेटिक्सचा पीजी डिप्लोमा, हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप, आणि मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा. मुंबईत एसएनडीटीचं जुहूचं होम सायन्स कॉलेज आहे, मरीन लाइन्सला निर्मला निकेतन आहे, नागपूरला एलएडी आहे. आणि खेड्यातल्या मुलींच्या आईवडिलांना मी आवर्जून सांगते की परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, आधी त्याला गृहविज्ञान म्हणायचे. ऑनलाइन कोर्सवाले जेवढे पैसे मागतात तेवढ्यात सरकारी विद्यापीठात काय काय शिकता येतं याची एकदा चौकशी तरी करा.

मुलींना वाटतं डिग्री म्हणजे घोकंपट्टी. तसं नाही. बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी हे असतंच, पण त्याबरोबर शंभर माणसांचं जेवण मोजून-मापून शिजवणं असतं, वस्तीत जाऊन मुलांचे दंडघेर मोजणं असतं, हॉस्पिटलच्या किचनमध्ये पहाटे उभं राहून कुठल्या बेडला मीठ कमी, कुठल्या बेडला नळीतून फीड, ते चुकू न देणं असतं. माझी इंटर्नशिप मला आजही आठवते. पहिल्याच आठवड्यात एका डायबेटिक पेशंटचा ट्रे शेजारच्या बेडला गेला होता, तेव्हा आमच्या सिनियर मॅडमनी ओरडा न देता मला त्या दोन्ही पेशंटच्या शेजारी बसवलं आणि दोघांची केस वाचून दाखवायला लावली. त्यानंतर एकदा पण माझ्याकडून ट्रे चुकला नाही.

आणखी एक, आकडे बदलत असतात आणि ते का बदलले हे कळायला शिक्षण लागतं. पोह्याचंच घ्या, आपल्या सगळ्यांचा नाष्टा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या पुस्तकात १०० ग्रॅम पोह्यात २० मिलिग्रॅम लोह लिहिलं होतं, २०१७ ला त्याच संस्थेनं ५२८ पदार्थ नव्यानं तपासून तक्ते काढले त्यात ते साधारण साडेचार मिलिग्रॅम आहे. केवढा फरक. आणि बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं असं २०२० चे त्यांचेच आकडे सांगतात. अजूनही मोबाइलवर पोहे खा, हिमोग्लोबिन वाढवा म्हणून फिरत असतं, आणि गरोदर बाया त्या भरवशावर गोळ्या बंद करतात. ही संस्था १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला एका खोलीत बेरीबेरीच्या अभ्यासापासून सुरू झाली, म्हणजे पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या माणसांचे पाय का लुळे पडतात इथपासून. आपल्याकडचं हे शास्त्र जेवणाच्या ताटातूनच आलंय, परदेशातून मागवायची गरज नाही.

कायद्याचं पण सांगते कारण पालकांना हे कुणीच सांगत नाही. २०२१ ला केंद्रानं अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा केला, त्याच्या यादीत डायटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही नावं आहेत. त्यात हेल्थकेअर प्रोफेशनल म्हणजे कोण याची व्याख्या आहे, तीन ते सहा वर्षात मिळून किमान ३६०० तासांचं डिग्रीचं शिक्षण. आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, न्यूट्रिशन-डायटेटिक्सचे कोर्स डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं चालवायला बंदी केलीय. यामुळे खरं तर चांगल्या बायकांची पण अडचण झाली, लग्नानंतर घर सांभाळून डिस्टन्सनं एमएस्सी करणाऱ्या कितीतरी जणी मला माहितीयत आणि त्यातल्या काही उत्तम काम करतात, त्यांच्यासारख्यांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळचे वर्ग तरी निघायला हवेत असं मला मनापासून वाटतं. पण विचार करा, विद्यापीठालाच जे ऑनलाइन शिकवू देत नाहीत ते खाजगी कंपनी ४० तासाच्या व्हिडिओत शिकवते म्हणते.

हे ४० तास मी हवेत बोलत नाही. माझ्या मावसबहिणीच्या मुलीनं बीकॉमनंतर असा कोर्स केला, ६८ हजार रुपये, ते पण ईएमआयवर. सर्टिफिकेट एकदम जाड कागदाचं, सोनेरी शिक्का. आमच्याच ओळखीच्या एका हॉस्पिटलमध्ये इंटरव्ह्यूला गेली, तिथं विचारलं डायलिसिसच्या पेशंटला प्रोटीन वाढवायचं का कमी करायचं, आणि डिग्री कुठाय. रडत घरी आली. पुढे वर्षभर तिला त्या कोर्सवाल्यांनीच वजन कमी करायचे शेक विकायला लावले, नातेवाईकांना विकून झाले, मग संपलं. पोरगी फार कष्टाळू आहे, तिचा काय दोष. आता तिनं एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याची, नोंदणी काढून टिफिन सर्व्हिस चालू केलीय, मी आठवड्याचा मेनू बघून देते, ज्वारीची भाकरी, एक पालेभाजी, एक उसळ, ताक, मीठ-तेल मोजून. पस्तीस डबे जातात रोज. त्यात ती खूष आहे, आणि कुणाला आजारावर सल्ला द्यायचा नाही हे तिनं स्वतःच ठरवलंय.

पगाराचं पण खरं सांगायला पाहिजे, नाहीतर मी पण फसवल्यासारखं होईल. माझा पहिला पगार ७ हजार होता. आज आमच्या भागात नवीन मुलीला १५ ते २० हजारावर सुरुवात करावी लागते, कुपोषित मुलांच्या सरकारी पोषण पुनर्वसन केंद्रात असेल तर बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर, दरवर्षी ऑर्डरची वाट बघायची. पाच-सहा वर्षं हॉस्पिटलमध्ये काढली की मग हातात कला येते, स्वतःची ओपीडी काढता येते, डायलिसिस सेंटर, कॅन्सरचं हॉस्पिटल, खेळाडूंच्या अकादमी, कॉलेजात शिकवायचं तर होम सायन्समधली नेट परीक्षा, आयसीडीएसमध्ये म्हणजे अंगणवाडीच्या योजनेत सुपरवायझर, असे रस्ते उघडतात. लाखभर महिना कमावणाऱ्या आहेत, पण त्या दहा-बारा वर्षं घासून तिथं पोहोचल्यात. पहिल्या महिन्यापासून पन्नास हजार असं तुमच्या लेखात होतं, तसं मी तरी आजवर कुणाचं बघितलेलं नाही.

आणि काम तर इतकं पडलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी निघालं, पाच वर्षाखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. एवढं मोठं राज्य, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कायमस्वरूपी डायटिशियन शोधून सापडत नाही. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ साल भरडधान्याचं वर्ष म्हणून साजरं झालं, त्याचं कौतुक आहेच, पण ती भाकरी गरोदर बाईच्या ताटात डाळ-भाजीसकट पडतेय का हे बघायला कुणीतरी माणूस लागतं की नाही?

परंपरेबद्दल एक राहिलं. काही जणांना वाटतं डिग्रीवाल्या डायटिशियन घरचं सगळं मोडीत काढतात. मागच्याच महिन्यात एक बाळंतीण होती, गरोदरपणात शुगर निघालेली, सासूबाई डब्यात डिंकाचे लाडू घेऊन आलेल्या, गूळ चांगला भरपूर. सुनेला रडू येत होतं, कारण नर्सनं खाऊ नको म्हटलं होतं आणि सासूबाई दुखावल्या होत्या. मी सासूबाईंजवळ बसले, त्यांच्याकडून पूर्ण कृती लिहून घेतली, डिंक किती, खारीक किती, मेथी किती. मग दोघींनी मिळून गूळ निम्म्याहून कमी केला, खारीक थोडी, खोबरं-तीळ-आळीव वाढवलं, लाडू लिंबाएवढा वळायचा आणि दिवसाला एकच, तो पण सकाळच्या नाष्ट्याचा भाग म्हणून, वर वेगळा नाही, आणि दोन तासांनी शुगर बघायची. शुगर ताब्यात राहिली. डिस्चार्जच्या दिवशी सासूबाईंनी मलाच चार लाडू दिले.

संपादक साहेब, माझी तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या पुरवणीत अशा कोर्सची माहिती छापाल तेव्हा सोबत चार गोष्टी पण छापा, कोर्सचे एकूण तास किती, त्यात हॉस्पिटलमधले प्रत्यक्ष किती, डिग्री कुठल्या विद्यापीठाची, आणि फी परत मिळते का. जागा कमी असेल तर फोटो लहान करा. आणि जमलं तर परभणीच्या किंवा एसएनडीटीच्या शेवटच्या वर्षातल्या दोन मुलींशी बोला, त्या जे सांगतील ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा उपयोगाचं असेल.

काकूंनी पैसे भरले नाहीत. मुलीला मी बारावीची परीक्षा झाली की आठ दिवस आमच्या किचनमध्ये सकाळी सहाला यायला सांगितलंय, हॉस्पिटलची परवानगी पण घेतलीय. पहिल्या दिवशी तिला फक्त डायलिसिसच्या पेशंटसाठी बटाटा चिरून उकडायचा आणि ते पाणी टाकून द्यायचं एवढंच काम देणार आहे, आणि का टाकायचं ते तिनं मला संध्याकाळपर्यंत शोधून सांगायचं.

आपली नेहमीची वाचक,
एक डायटिशियन, सोलापूर